पुरलेली केबल ओळखताना

युसूफ वडगावच्या शिवारात एकाच बांधातून दोन भावांच्या विहिरीची, शेजाऱ्याच्या बोअरची आणि कधीकाळच्या आटलेल्या बोअरचीही केबल गेलेली असते. वाटण्या झाल्या, नवे बोअर पाडले, जुनी केबल मातीतच राहिली. मोटरींची कामं करताना जे पक्कं झालं, ते लिहितो.

1. आधी माणसांना विचारावं. 22 मार्च 2023 ला सुरू झालेलं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप रस्त्याकडेला खोदण्याआधी वापरावंच. पण शेतकऱ्यानं स्वतः पुरलेली केबल कुठल्या नकाशावर सापडायची? ती नांगर धरणाऱ्याला ठाऊक असते. मात्र ‘ती मेलेली हाय, टाका तोडून’ एवढ्या शब्दावर पक्कड लावू नये.

2. लोकेटर, म्हणजे पुरलेली केबल शोधणारं यंत्र, गप्प राहिला म्हणजे खाली केबल नाही, असं धरू नये. पॉवर मोडवर तो 50 हर्ट्झच्या वाहत्या करंटचा माग काढतो. शेतीची लाईट पाळीनं येते. लाईट असून मोटर बंद असली, तर केबलमध्ये व्होल्टेज पूर्ण असतं, करंट मात्र नसतो, आणि लोकेटर बोलत नाही. सौर पंपाच्या पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतची केबल तर डीसी. तिच्यात 50 हर्ट्झ नाहीच, पण ऊन आहे तोवर ती जिवंत असते. गावोगाव सौर पंप बसताहेत, म्हणून हे प्रत्येक वायरमनला माहीत हवं असं मला कळकळीनं वाटतं.

3. नेमकी एकच केबल शोधायची तर तिच्यात लोकेटरसोबतच्या ट्रान्समीटरचा सिग्नल सोडावा लागतो. त्याआधी केबल दोन्ही टोकांना सोडवावी, पण ती बंद असल्याची खात्री करूनच. स्टार्टरला ‘ऑटो’ असतो, लाईट आली की मोटर आपोआप उचलते. त्यामुळे नुसतं लाल बटण दाबून भागत नाही. मेन स्विच पाडून किटकॅट (फ्यूज) काढावेत आणि स्वतःच्या खिशात ठेवावेत. डीपीवरचं काम लाईनमनचं, तिथे आपण हात घालू नये. मग टेस्टर आधी चालू लाईनवर, नंतर आपल्या केबलवर, पुन्हा चालू लाईनवर लावून पाहावा. मधेच टेस्टर बिघडला असला तर तिसऱ्या वेळी कळतं.

ट्रान्समीटरची एक वायर केबलच्या कोअरला, दुसरी अर्थच्या सळईला. सळई केबलच्या काटकोनात, लांब ठोकावी. बोअरच्या तोंडाशी तीच कोअर अर्थ करावी. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं, सळई मातीला धरत नाही. बादलीभर पाणी ओतलं की सिग्नल सुधारतो. फ्रिक्वेन्सी कमी ठेवावी, जास्त ठेवली की सिग्नल शेजारच्या केबलवर उडी मारतो.

4. लोकेटरच्या ‘पीक’ मोडवर आवाज सर्वात मोठा कुठे आणि ‘नल’ मोडवर सर्वात बारीक कुठे, दोन्ही पाहावं. दोन्ही खुणा एका जागी पडल्या नाहीत, तर दुसरी केबल आवाज बिघडवतेय असं समजावं.

5. खुणेवर पहार मारू नये. बाजूनं खोऱ्यानं माती ओढत जावं. उघड्या पडलेल्या प्रत्येक केबलला क्लॅम्प लावून सिग्नल पुन्हा तपासावा. सापडलेल्या केबलला तिथेच आणि दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळावी. कापण्याआधी टेस्टर पुन्हा एकदा, वर सांगितला तसाच, तीनदा.