रहस्यकादंबरीकाराचा पुस्तकदौरा

नवी कादंबरी बाजारात आली की लेखक गावोगावची पुस्तकांची दुकाने, वाचनालये आणि साहित्यमहोत्सव फिरतो, तिच्यातील उतारे वाचतो, प्रश्नांना उत्तरे देतो आणि प्रतींवर सह्या करतो. या फिरतीला पुस्तकदौरा म्हणतात. ब्रिटनमध्ये रहस्यकादंबरीच्या व्यवहाराचा तो नित्याचा भाग आहे. एकाच तपास अधिकाऱ्याभोवती फिरणाऱ्या मालिका तेथील वाचक वर्षानुवर्षे वाचतात. अशा मालिकेत सहसा दर वर्षी एक पुस्तक निघते, म्हणून दौराही दर वर्षी येतो. ब्रिटनमध्ये राहून इंग्रजीत रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या दौऱ्यांतून, आणि मुख्यतः तिच्या चुकांतून, पुढील सूचना निघाल्या आहेत.

या व्यवसायातील सर्वांत मोठा इशारा चार्ल्स डिकन्सचा आहे. १८५८ पासून तो पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांची जाहीर वाचने करू लागला. जानेवारी १८६९ पासून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो साभिनय वाचू लागला. श्रोते हादरून जात. वाचणाराही तितकाच हादरत असे. एप्रिल १८६९ मध्ये प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी दौरा थांबवला. तरीही १८७० मध्ये त्याने लंडनला निरोपाची १२ वाचने केली. एरवी मिनिटाला ७२ असणारी त्याची नाडी नॅन्सीच्या खुनाच्या वाचनानंतर ११० च्या वर जात असे. ९ जून १८७० रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. वाचन हे शरीराचे काम आहे, हे यावरून ध्यानात घ्यावे. रोज संध्याकाळी खुनाचा प्रसंग वाचू नये. आठवड्यात किमान दोन दिवस कार्यक्रमाविना ठेवावेत आणि ही अट तारखा ठरण्यापूर्वीच प्रकाशकाला सांगावी.

उतारा सात-आठ मिनिटांचा, पहिल्या काही प्रकरणांतला आणि दोन-तीन पात्रांचा असावा. संवाद असलेला भाग ऐकायला सोपा जातो. आपल्या प्रतीत थांबण्याच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. बोलण्याचा संकोच असणाऱ्याने भाषणाऐवजी मुलाखतीचा कार्यक्रम मागून घ्यावा. अगाथा ख्रिस्तीने ‘डिटेक्शन क्लब’ या रहस्यलेखकांच्या मंडळाचे अध्यक्षपद भाषणे करावी लागणार नाहीत या अटीवर स्वीकारले होते. संकोच हा दोष नव्हे. तो लपवून व्यासपीठावर चढणे मात्र त्रासाचे ठरते.

दौऱ्यावर असताना लेखकाच्या डोक्यात एकाच वेळी तीन पुस्तके असतात. नवे पुस्तक कापडी बांधणीत आलेले असते, त्याच सुमारास आधीचे स्वस्त आवृत्तीत निघते आणि पुढच्याचे लेखन किंवा संपादन चालू असते. ज्या पुस्तकाबद्दल बोलायचे, ते लिहून होऊन वर्ष उलटलेले असते. याच गोंधळात प्रस्तुत लेखिकेने एका दुकानातील कार्यक्रमात एका लाडक्या पात्राच्या मृत्यूचा उल्लेख केला. तो मृत्यू अद्याप न छापलेल्या कादंबरीतला होता. सभागृह क्षणभर गप्प झाले आणि पुढच्या पुस्तकातील सर्वांत मोठा धक्का तेथेच संपला. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी नव्या पुस्तकातील पात्रे, कथानकाचा क्रम आणि न सांगायच्या गोष्टी एका कागदावर लिहून वाचण्याचा तिचा नेम आहे. शेवटाविषयीचे प्रश्न सह्यांच्या वेळी विचारावेत, अशी विनंतीही सुरुवातीलाच करावी. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा आनंद जपणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

याहून जड कर्तव्य वेगळेच आहे. श्रोत्यांत कधी कधी असे कोणी असते, ज्याच्या घरातील माणसाचा खून झालेला असतो. एका वाचनालयात एका स्त्रीने विचारले, ‘‘मेलेल्या माणसाच्या आईचं पुढे काय होतं, हे तुम्ही का लिहीत नाही?’’ प्रस्तुत लेखिकेने कथानकाच्या गतीविषयी काही हलकेफुलके उत्तर दिले आणि लोक हसले. सह्यांच्या रांगेत ती स्त्री आली नाही. तिच्या मुलाबद्दल वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांकडून नंतर कळले. ती चूक दुरुस्त करता आली नाही. म्हणून व्यासपीठावरून खुनावर विनोद करू नये, खऱ्या खटल्यातील पीडितांचा उल्लेख रंगवून करू नये, आणि असा प्रश्न आला तर घाईने उत्तर न देता कार्यक्रमानंतर शांतपणे ऐकण्यासाठी वेळ राखावा.

उपस्थिती कमी असेल तर खुर्च्या जवळ घ्याव्यात, पण कार्यक्रम आटोपता घेऊ नये. चार श्रोते पाहून लेखिकेने एकदा वाचन निम्म्यावर थांबवले. त्यांतील दोघे तासभर बसचा प्रवास करून आले होते. शिवाय दुकानातील विक्रेते ऐकत असतात, आणि पुढे ग्राहकाच्या हाती पुस्तक देणारे तेच असतात. हॅरोगेटला २००३ पासून दर जुलैत भरणाऱ्या रहस्यसाहित्याच्या महोत्सवासारख्या ठिकाणी गर्दी आयती मिळते. इतरत्र वाचक एकेक करून जोडावा लागतो.

सही शीर्षकपानावर करावी. नाव कानावर विसंबून लिहू नये, कारण कॅथरीन हे एकच नाव इंग्रजीत अनेक प्रकारे लिहिले जाते. वाचकाकडून ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

दुकानातील कार्यक्रमाला सहसा मानधन नसते. महोत्सवांच्या मानधनाचा प्रश्न जानेवारी २०१६ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा ऑक्सफर्ड साहित्यमहोत्सव वक्त्यांना मानधन देत नाही म्हणून कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी त्याचे आश्रयदातेपद सोडले. मानधन, प्रवासखर्च आणि मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे आधी लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर केलेल्या तीन मुक्कामांचे पैसे प्रस्तुत लेखिकेला स्वतः भरावे लागले आहेत. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे आयोजकांना आधी सांगावे, म्हणजे सह्यांची वेळ त्यानुसार ठरते.

निघण्यापूर्वी चालू लेखनाच्या पुढील प्रकरणात काय घडायचे आहे, हे अर्ध्या पानात टिपून ठेवावे. परतल्यावर धागा सापडतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर गाव, वाचलेला उतारा आणि विचारलेले प्रश्न वहीत नोंदवावेत. पुढच्या वर्षी त्याच गावी तेच किस्से सांगण्याची वेळ मग येत नाही.