मेमरी डिस्क भरताच सर्व्हर कोसळतो

प्रश्न : माझ्या फ्रीबीएसडी सर्व्हरला ८ जीबी रॅम आहे. तात्पुरत्या फायलींसाठी मी ६ जीबीची मेमरी डिस्क केली. ती तयार होताना काहीच अडचण आली नाही, पण भरत आली की संपूर्ण यंत्रणाच बंद पडते. काय करावे?

उत्तर : तुमची डिस्क बहुधा ‘मॅलॉक’ प्रकारची असावी. ती तयार होताना जागा अडवत नाही. फायली येतील तशी थेट कर्नेलच्या मेमरीतून घेते. ही मेमरी स्वॅपमध्ये हलवता येत नाही. ती संपली की कर्नेल पॅनिक होतो आणि सर्व्हर कोसळतो.

उपाय सोपा आहे. ‘एमडीकॉन्फिग’ने डिस्क करताना ‘स्वॅप’ प्रकार निवडा. मेमरीची ओढाताण झाली की या डिस्कमधली पाने स्वॅपमध्ये जातात. त्यासाठी पुरेसा स्वॅप मात्र आधीच ठेवा. मॅलॉकच हवे असेल, तर डिस्क लहान ठेवा आणि ‘रिझर्व्ह’ पर्याय द्या. म्हणजे सगळी जागा सुरुवातीलाच राखून ठेवली जाईल.

आणि रीबूटनंतर मेमरी डिस्कवरचे काहीही उरत नाही. डेटाबेस किंवा हिशेबाच्या फायली तिथे कधीही ठेवू नका.