एलेफ : हजार कीं कूळ?

पाठ : गणना १.४४–४७; अनुवाद ७.७, ८

सीनाय रानांत मोशेनें केलेल्या गणतींत वीस वर्षांचे व त्यांहून अधिक वयाचे लढाऊ पुरुष ६,०३,५५० भरले. बायकामुलें धरिलीं तर हा समुदाय वीस लक्षांच्या आसपास जातो. एवढे लोक अरण्यांत कसे राहिले, असें कोणी चारचौघांत विचारिलें म्हणजे आमचे कित्येक शिक्षकबंधु गोंधळतात. म्हणून ह्या प्रश्नाचा आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम वचन वचनाशीं ताडून पाहावें. गणना ३.४३ मध्यें प्रथमजन्मलेले पुरुष २२,२७३ आहेत. म्हणजे एका प्रथमजन्मलेल्यामागें सुमारें सत्तावीस लढाऊ पुरुष येतात! आणि अनुवाद ७.७ प्रमाणें तर इस्राएल सर्व राष्ट्रांत थोडके होते.

आतां मूळ शब्द पाहूं. इब्री भाषेंत हजाराला ‘एलेफ’ म्हणतात. परंतु शास्ते ६.१५ मध्यें गिदोन आपलें एलेफ मनश्शेंत दुर्बळ आहे असें म्हणतो, तेथें त्याचा अर्थ कूळ असा होतो. ह्यावरून फ्लिंडर्स पेट्री ह्या संशोधकानें १९०६ सालीं असें सुचविलें कीं, गणतींतील एलेफ म्हणजे एका तंबूंतील कुटुंब असावें. तसें धरिल्यास रऊबेनाचे ४६,५०० म्हणजे ४६ कुटुंबें व ५०० माणसें. आणि बारा वंशांची बेरीज ५९८ कुटुंबें व ५,५५० माणसें होते.

परंतु ह्या मतालाही एक मोठी अडचण आहे. निर्गम ३८.२५, २६ मध्यें दर पुरुषीं अर्धा शेकेल ह्याप्रमाणें १०० किक्कार व १,७७५ शेकेल रुपें जमलें. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार धरिला म्हणजे देणारे पुरुष बरोबर ६,०३,५५० होतात. तेव्हां तेथील लेखकानें एलेफ म्हणजे हजारच मानिले, हें उघड आहे.

म्हणून विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्यास शिक्षकांनीं दोन्ही बाजू सरळ सांगाव्या. “ह्याचा निर्णय झालेला नाहीं,” असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. न समजलेलें ठासून सांगण्यांत मात्र आहे. देवानें इस्राएलास निवडिलें तें संख्येकरितां नव्हे, प्रीतीकरितां, असें अनुवाद स्पष्ट सांगतो. ज्यांच्या मंडळींत चारच घरें आहेत, त्यांनीं हें विसरूं नये.

प्रश्न : मीखा ५.२ मध्यें बेथलेहेमाविषयीं हाच शब्द आहे. तेथें कोणता अर्थ जुळतो?