एक गाडी, अनेक देश



तुमच्यापैकी काहींचे चाचा, मामू किंवा मोठे भाऊ सौदी अरेबिया, कुवेत, दुबई अशा ठिकाणी नोकरीला असतील. त्यांनी मोटारीजवळ उभे राहून काढलेला एखादा फोटो घरी पाठवला असेल, तर तो पुन्हा एकदा काढून पाहा. गाडी ओळखीची वाटते. तशीच गाडी आपल्याकडच्या रस्त्यावरही दिसते. पण जरा निरखून पाहिले की एक गोष्ट खटकते. फोटोतल्या गाडीचे स्टीअरिंग डावीकडे आहे! कंपनी तीच, गाडीचे नावही तेच. मग हा फरक कशासाठी?

तुम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकता. 'कारखाना' हा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि त्याचा अर्थही सारखाच आहे. पण 'खुलासा' हा शब्द घ्या. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. शब्द एकच, पण दुसऱ्या भाषेत राहायला गेला आणि तिथल्या रीतीप्रमाणे बदलला. मोटारगाडीचेही असेच होते. ती परदेशी जाते, तेव्हा तिथले रस्ते, तिथली हवा आणि तिथले कायदे तिला बदलून टाकतात.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आपण एका छोट्या गाडीची गोष्ट पाहू.

१९७९ साली जपानमध्ये सुझुकी कंपनीने 'ऑल्टो' नावाची एक लहान मोटार बाजारात आणली. किंमत होती ४ लाख ७० हजार येन. त्या काळच्या जपानी मोटारींच्या मानाने ही किंमत फार कमी होती. ती एवढी कमी कशी ठेवता आली? त्याचे उत्तर तिथल्या कायद्यात आहे. जपानमध्ये लहान मोटारींचा एक वेगळा वर्ग आहे. त्याला 'केई' म्हणतात. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा गाडीची लांबी ३.२० मीटर आणि रुंदी १.४० मीटर यांपेक्षा जास्त असून चालत नसे. इंजिन ५५० सीसीपेक्षा मोठे चालत नसे. हे नियम पाळले की मालकाला कर कमी भरावा लागे. ऑल्टोच्या निर्मात्यांनी आणखी एक युक्ती केली. प्रवासी मोटारीवर जादा कर होता. मालवाहू गाडीवर तो नव्हता. म्हणून त्यांनी ऑल्टो मालवाहू गाडी म्हणून नोंदवली. तिला बाजूचे दोनच दरवाजे दिले आणि मागची बैठक अगदी लहान ठेवली. ज्यांना चार दरवाजे हवे असत, त्यांच्यासाठी 'फ्रॉन्टे' नावाची तिची बहीण होती.

आणखी एक गंमत. आपल्याकडे पिवळी नंबरप्लेट पाहिली, की ती भाड्याची गाडी आहे हे आपण ओळखतो. जपानमध्ये मात्र खाजगी केई मोटारीची नंबरप्लेट पिवळी असते. एकच रंग, पण देश बदलला की अर्थ बदलला!

हीच गाडी पुढे भारतात आली. हरियाणातील गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, येथील कारखान्यात ती तयार होऊ लागली. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाच्या हाती चावी दिली. गाडीचे नाव होते 'मारुती ८००'. अंग जपानी गाडीचेच होते, पण इंजिन मोठे, ७९६ सीसीचे होते. भारतात केईचा कायदा नव्हता. त्यामुळे इंजिन ५५० सीसीत बसवण्याची सक्ती नव्हती. शिवाय आपल्याकडे छोट्या गाडीत सारे कुटुंब बसते. आजी मागे, मुले मांडीवर आणि सामान पायांशी! अशा गाडीला जोर जास्त लागणारच.

शेजारच्या पाकिस्तानात कराचीच्या कारखान्यात याच गाडीचे दुसरे रूप तयार होऊ लागले. तिचे नाव 'मेहरान'. मेहरान हे सिंधू नदीचे सिंधी भाषेतील नाव आहे. भारतात १९८६ साली मारुती ८०० ला जे नवे अंग मिळाले, तेच मेहरानचे अंग. आपली मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. मेहरान मात्र २०१९ पर्यंत तयार होत होती.

१९८७ साली मारुतीच्या ५०० गाड्या युरोपातील हंगेरी देशात पाठवण्यात आल्या. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून स्टीअरिंग डावीकडे हवे. पण मित्रांनो, तेवढे बदलून भागत नाही. पुढचे दिवेही बदलावे लागतात. रात्री समोरून गाडी आली, की चालक दिवा खाली करतो, म्हणजे 'डिपर' देतो. त्या वेळी आपल्या गाडीचा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेला जास्त पडतो. त्यामुळे कडेचा पादचारी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. हाच दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशात नेला, तर त्याचा झोत थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जाईल. स्वीडन देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा तिथल्या गाड्यांचे पुढचे दिवेही बदलावे लागले होते.

हवामानाचेही तसेच आहे. आखाती देशांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. तिथे पाठवायच्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर मोठा असतो आणि एसी अधिक जोरदार असतो. वाळूचा त्रास होऊ नये म्हणून हवा गाळण्याची सोय चांगली ठेवतात. कॅनडासारख्या थंड देशात याच्या उलट. तिथे थंडीत गाडी चालू होणे हीच पंचाईत असते. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा गंजतो. म्हणून गंज रोखण्याची विशेष काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे खड्डे आणि गतिरोधक फार, म्हणून गाडीचा तळ जमिनीपासून जरा उंच ठेवणे सोयीचे असते.

कधी कधी एकाच देशात एकच गाडी दोन तऱ्हेची असते. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या मोटारींना 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' बसवणे सक्तीचे झाले. हे साधन इंजिनाचा विषारी धूर कमी करते. पण पेट्रोलमध्ये शिसे असेल तर ते निकामी होते. म्हणून अशा गाडीत शिसेविरहित पेट्रोलच घालावे लागे. त्या साली मुंबईत विकायच्या गाडीला हे साधन हवे होते. मालेगावात किंवा रत्नागिरीत विकायच्या गाडीला त्याची सक्ती नव्हती. शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले ते २००० साली.

आतापर्यंत आपण जे फरक पाहिले, त्यांतील बहुतेक योग्य आहेत. वाळवंटातल्या माणसाला जाड रजई कोण देईल? पण सर्वच फरक असे नसतात. आता नीट लक्ष द्या. या पाठातील खरी गोष्ट पुढेच आहे.

२००९ च्या सुमारास युरोपात 'ऑल्टो' या नावाने एक गाडी विकली जात होती. ती जपानमध्ये तयार होत नव्हती. ती तयार होत होती आपल्याच देशात, हरियाणातील मानेसर येथे. भारतात तीच गाडी 'ए-स्टार' या नावाने मिळे. कारखाना तोच आणि कामगारही तेच. युरोपात जाणाऱ्या गाडीत समोर बसणाऱ्यांसाठी एअरबॅग असत. अपघाताच्या क्षणी या पिशव्या फुगतात आणि डोके व छाती यांना सांभाळतात. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रकारात मात्र त्या नसत. इथे ना हवा आड येत होती, ना रस्ता. माणसाचे डोके इथे आणि तिथे सारखेच नाजूक असते.

हा फरक जानेवारी २०१४ मध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची चाचणी जाहीर केली. चालकाच्या जागी माणसाच्या मापाचा पुतळा बसवून ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवण्यात आली. जास्तीत जास्त गुण म्हणजे पाच तारे. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांत 'ऑल्टो ८००' ही गाडीही होती. पाचांपैकी 'पोलो' या गाडीची दोन एअरबॅग बसवून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. काही गाड्यांचा सांगाडाच कमकुवत ठरला. म्हणजे तिथे नुसत्या एअरबॅगने काम भागणार नव्हते.

यावर कोणी म्हणेल, "आपल्याकडे लोकांना गाडी स्वस्त हवी असते. एअरबॅग घातली की किंमत वाढते. मग तो माणूस गाडी घेणारच नाही. तो बायकामुलांना स्कूटरवर बसवून नेईल. ते तर अधिक धोक्याचे!" हे म्हणणे अगदीच खोटे नाही. चार माणसे एका स्कूटरवर बसलेली आपण रोज पाहतो. पण एक प्रश्न उरतोच. स्वस्त गाडीतून नेमके काय कमी केले आहे, हे घेणाऱ्याला माहीत होते का? गाडीचा रंग त्याला दिसतो. बैठकीचे कापड दिसते. पत्र्याआडचा सांगाडा मात्र दिसत नाही. जे दिसत नाही, त्याची निवड माणूस कशी करणार? म्हणूनच तिथे कायदा लागतो. युरोपातील गाड्या अधिक सुरक्षित झाल्या, त्या केवळ कंपन्यांच्या मनात आले म्हणून नव्हे. तिथे कायदे झाले, चाचण्यांचे निकाल लोकांपुढे आले आणि ग्राहक प्रश्न विचारू लागले.

आपल्याकडेही हळूहळू बदल झाला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ च्या अखेरीपर्यंत चालकाशेजारच्या जागेसाठीही ती सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपल्या देशाची चाचणी सुरू झाली. आता आपल्या गाड्यांचेही तारे मोजले जातात.

तेव्हा मित्रांनो, एकाच गाडीत दोन देशांत फरक दिसला, तर 'हा फरक कशासाठी?' असा प्रश्न विचारायला शिका. उत्तर ऊन, वाळू, बर्फ किंवा रस्त्याची बाजू असे असेल, तर तो शहाणपणाचा फरक आहे. पण 'इथल्या माणसाला एवढे पुरे' असे उत्तर असेल, तर तो फरक अन्यायाचा आहे.

आणि एक काम आजपासूनच करा. मोटारीत बसलात, की पट्टा लावा. पुढे बसा किंवा मागे बसा, पट्टा लावाच. पट्टा नसेल तर एअरबॅगही पुरेशी मदत करू शकत नाही. लहान भावंडांना पुढे मांडीवर घेऊन बसू नका. त्यांची जागा मागे. अब्बा किंवा चाचा गाडी घ्यायला निघाले, तर त्यांना रंग विचारण्याआधी विचारा, "हिला तारे किती?"

शब्दार्थ

निरखून पाहणे – बारकाईने पाहणे
खटकणे – मनाला वेगळे किंवा चुकीचे वाटणे
पादचारी – पायी चालणारा
झोत – उजेडाचा जोरदार प्रवाह
पंचाईत – अडचण
शिसेविरहित – ज्यात शिसे नाही असे
निकामी – उपयोग नसलेले
सांगाडा – आतील मूळ आधार, चौकट
डोळे दिपणे – तीव्र प्रकाशामुळे क्षणभर काही न दिसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जपानमधील लहान मोटारींच्या वर्गाला काय म्हणतात?
(आ) मारुती ८०० चे इंजिन किती सीसीचे होते?
(इ) 'मेहरान' हे कोणत्या नदीचे नाव आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) हंगेरीला पाठवायच्या गाडीचे पुढचे दिवेही बदलावे लागतात.
(आ) आखाती देशांतील गाडीत रेडिएटर मोठा असतो.
(इ) कन्व्हर्टर असलेल्या गाडीत शिशाचे पेट्रोल चालत नाही.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'शहाणपणाचा फरक' आणि 'अन्यायाचा फरक' म्हणजे काय, ते पाठातील उदाहरणे देऊन सांगा.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
निरखून पाहणे, डोळे दिपणे, निकामी होणे

प्र. ५. 'खुलासा' या शब्दाप्रमाणे उर्दूत व मराठीत वेगवेगळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींना भेटा. जुन्या आणि नव्या गाड्यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणते फरक झाले, ते विचारा आणि दहा ओळींत लिहा.