कडेचा फुटवा घ्यावा

पोरी, सांदवाडीतला गवती चहा मधून पोकळ झाला, पाती बारीक झाली म्हणतेस. त्याला खत घालत बसू नको, बेट फोड. तीन-चार वर्षं एका जागी राहिलेलं गवत आतून म्हातारं होतं आणि कडेनं तरुण राहतं. लावायला घ्यायचं ते कडेचं. मधलं कितीही जाडजूड दिसलं तरी उकिरड्यावर टाक.

मृग लागला की सगळे कुदळ घेऊन निघतात, तू थांब. आपल्या चंद्रपूरकडची जमीन उन्हाळाभर पंचेचाळीस अंशांच्या वरचं ऊन सोसून तापलेली असते. पहिल्या सरीनं ती वरवरच भिजते. सब्बल खुपसून बघ. वीतभर खालची माती ओली आणि हाताला गार लागली की बेटाला हात घाल. बहुतेक वर्षी तोवर आर्द्रा लागलेल्या असतात.

आधी लांब काठीनं बेट चांगलं हलव. बुडाच्या गारव्याला मण्यार, घोणस येऊन बसते. अंगात पूर्ण बाह्यांचं घाल, पातीची धार हात चिरते. मग पाती सुतळीनं एकत्र बांधून वीतभर ठेव, बाकीची विळ्यानं छाट. इथे दया करू नको. काढताना मुळ्या तुटतात, उरलेल्या मुळ्यांना लांब पात्यांचं पाणी पुरवता येत नाही आणि न छाटलेला ठोंब दोन दिवसांत मान टाकतो. भोवतीनं उकरून बेट अख्खं वर काढ आणि कोयत्यानं काप. हातानं ओढून फाडलंस तर फुटवे बुडातून तुटतात. एका ठोंबाला दोन-तीन फुटवे आणि खाली जिवंत मुळ्या हव्यात. काळ्या पडलेल्या मुळ्या काढून टाक, चांगल्या चार बोटं ठेव. ठोंब ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेव आणि त्याच संध्याकाळी लाव.

खोलीचं म्हणशील तर रोवणी आठव. धानाचे पऱ्हे चिखलात खोल गेले की फुटवे कमी येतात, तसंच हे. बुंध्यावर जुन्या मातीची खूण दिसते, तिथवरच पुरायचं आणि टाचेनं माती दाबायची. दोन ठोंबांत दीड-दोन फूट सोड. तुझी वरोऱ्याची काळी माती पाणी धरते, म्हणून वरंब्यावर लाव. गडचिरोलीला धाकटीकडे मुरूम आहे. तिला खड्डा मोठा करून शेणखत घालायला सांग. पावसानं उघाड दिली तर दोघींनीही पाणी द्यायचं.

वाळाही असाच फोडायचा, फक्त ठोंब वीतभर अंतरानं, उताराला आडवे लावायचे. त्याची मुळं सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा, म्हणून बांधाची माती धरायला त्याच्यासारखं गवत नाही. माठात टाकायला मुळ्या हव्या असतील तर दीड वर्ष धीर धर. बांधावरचा वाळा मात्र खणू नको.

आणि मानवेल. बांबूही गवतच. मागच्या पावसाळ्यातला एक बांबू कंदासकट काढ, वर हातभर-दोन हात ठेवून छाट आणि लाव. पण मानवेल कित्येक वर्षांनी एकदाच फुलतो आणि फुलला की अख्खं बेट वाळतं. फोडलेला कंद आईचंच वय घेऊन येतो. ती फुलली की त्याच सुमारास तोही फुलणार. म्हणून आधी गावातल्या जुन्या माणसांना विचार, हे बेट कधी फुललं होतं. कुणालाच आठवत नसेल तर त्याला हात लावू नको, बियाण्याचं रोप आण. चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जाऊन विचारून ये.