मेणवलीचा वाडा : वीट, लाकूड आणि चुना

सातारा जिल्ह्यात वाईनजीक कृष्णाकाठी मेणवली हे लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस (१७४२–१८००) यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेला वाडा येथे आजही उभा आहे. नदीवरील घाट, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा आणि मोडी कागदपत्रांचे ‘मेणवली दप्तर’ यांमुळे गाव प्रसिद्धीस आले. वाड्याच्या बांधणीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

वाडा सहा चौकांचा आहे. बाहेरच्या भिंती भक्कम व बंदिस्त. उजेड आणि वारा यावयाचा तो चौकातून. पागोळ्यांचे पाणीही चौकातच उतरते. तेव्हा चौकाची मोरी तुंबली, की जोत्यात ओल शिरलीच म्हणून समजावे.

या पद्धतीच्या वाड्यांत दगडी जोत्यावर लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभारीत व मधल्या भिंती पातळ, भाजीव विटांनी भरून काढीत. मजल्यांचा भार मुख्यतः लाकूड पेलते. वीट ऊन, वारा आणि थंडी अडविते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घराचे माप खणांत सांगण्याची जुनी रीत त्यातूनच आली. या बांधणीचा मोठा शत्रू अग्नी. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आतल्या इमारतींची दगडी जोती तेवढी उरली.

दुसरा शत्रू सदिच्छेने येतो. विटा झडू लागल्या की भिंतीस सिमेंटचा गिलावा केला जातो. जुनी वीट मऊ व सच्छिद्र असते. तिने शोषलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरते. क्षार विटेतच साचतात, विटेचा पापुद्रा सुटतो आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात. भिंत वरून गुळगुळीत दिसते, हाच खरा धोका होय. म्हणून प्रथम छपराची गळती व मोरी पाहावी, गिलाव्याचे नंतर. आणि गिलावा चुन्याचाच असावा.

महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० अन्वये राज्य शासनास एखादी वास्तू संरक्षित स्मारक म्हणून घोषित करता येते. तथापि गावोगावचे कितीतरी वाडे खाजगी मालकीचे असून त्यांच्या दुरुस्तीचा निर्णय मालक आणि गवंडी ओसरीवर बसूनच घेतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी पंचक्रोशीत कोण आहेत, याची नोंद ग्रामपंचायतीस सहज ठेवता येईल.