गाडीत जादा दिवे जोडताना

बहुतेक छोट्या गाड्यांच्या छताला एकच दिवा असतो आणि त्याचा उजेड पायांपर्यंत पोहोचत नाही. सीटखाली पडलेली किल्ली शोधायची असते, वयस्कर माणसाला रात्री उतरताना पाय कुठे टेकतोय ते दिसायला हवे असते. त्यासाठी एलईडीची पट्टी लावून घेतली जाते. पट्टी स्वस्त मिळते, पाठीमागचा कागद सोलला की चिकटते आणि लाल-काळी वायर कुठेही जोडली तरी पेटते. बिघाडाचे मूळ या ‘कुठेही’मध्ये असते.

पट्टीला वीज फार लागत नाही. मीटरला 60 एलईडी असलेली जाड दाण्यांची पट्टी साधारण 14.4 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 1.2 अँपियर घेते. चारही जणांच्या पायांजवळ मिळून मीटरभर पट्टी पुरते. धोका दिव्यात नसून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत असतो, कारण तिच्या मागे बॅटरी उभी असते आणि शॉर्ट झाल्यास ती बॅटरी शेकडो अँपियर सोडू शकते.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत हेच घडले. सीटखालच्या पट्टीसाठी सिगारेट लायटरच्या मागून करंट घेतला होता. त्या लाइनला 20 अँपियरचा फ्यूज होता. नव्या वायरीला वेगळा फ्यूज नव्हता. वायर पट्टीसोबत आलेली, केसासारखी बारीक, आणि ती पुढच्या सीटच्या रुळाजवळून नेलेली. सीट मागेपुढे होताना रुळाची धार तिच्यावर घासत राहिली. काही महिन्यांनी, रात्री खंबाटकी घाट चढताना प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ धूर. गाडी कडेला घेऊन बॅटरीची निगेटिव्ह तार काढल्यावर तो थांबला. गालिचा वीतभर जळला होता, वायरीचे आवरण वितळून तांबे उघडे पडले होते, आणि फ्यूज शाबूत होता. रंगवलेल्या रुळाला वायरीचा स्पर्श अर्धवट होता. त्यामुळे करंट 20 अँपियरच्या आत राहिला, पण तेवढाही त्या बारीक वायरीला कितीतरी जास्त होता.

फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. म्हणून त्याचा आकडा नव्या वायरीच्या कुवतीपेक्षा कमी हवा आणि त्याची जागा करंट घेतला त्या टोकाशी, दिव्याजवळ नव्हे. वर सांगितलेल्या पट्टीला 0.5 चौरस मिलिमीटरची ऑटो वायर आणि 2 किंवा 3 अँपियरचा फ्यूज पुरतो. पट्टीबरोबर आलेली वायर लांब अंतरासाठी वापरूच नये. फ्यूज बॉक्सातून लाइन काढायला दुहेरी खाचेचा फ्यूज टॅप मिळतो: एका खाचेत मूळ फ्यूज, दुसरीत नवा. मूळ वायर सोलून तिच्यावर नवी गुंडाळण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा. वायर कापली की वॉरंटीचा वादही उभा राहतो.

लाइन कोणती घ्यायची, हा प्रश्न नीट विचार करून सोडवावा. चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी लाइन घेतली तर दिवा विसरून राहत नाही. कायम चालू लाइनवर अर्ध्या अँपियरचा दिवा रात्रंदिवस पेटत राहिला तर 24 तासांत 12 अँपियर-तास जातात; छोट्या गाडीची 35 अँपियर-तासांची बॅटरी दोन दिवसांत स्टार्टर फिरवण्याच्या लायकीची राहत नाही. दाराबरोबर पेटणारा दिवा हवा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक गाड्यांत छताच्या दिव्याला पॉझिटिव्ह कायम मिळतो आणि दाराचा स्विच निगेटिव्ह जोडतो. अशा ठिकाणी पट्टीची काळी वायर बॉडीला अर्थ केली तर दिवा विझतच नाही. ती स्विचच्या वायरीलाच जोडावी लागते. नव्या गाड्यांत हा दिवा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल हळूहळू विझवते. त्या मोड्यूलवर जादा भार टाकू नये. तेथे पट्टीची लाइन वेगळीच घेणे योग्य.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्ट लॅम्पही लावू नये. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या काचेच्या खांबात वायर ओवताना ती एअरबॅगच्या पुढून जाता कामा नये. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट हवे. सांध्याला काळी टेप गुंडाळून भागत नाही, उन्हात तापलेल्या गाडीत तिचा गोंद सुटतो. क्रिंप करून वर हीट श्रिंक नळी चढवावी. अर्थचा स्क्रू रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावा आणि वर ग्रीस लावावे, नाहीतर कोकणच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरून दिवा लुकलुकू लागतो.

शेवटी मल्टिमीटर निगेटिव्ह तारेच्या मध्ये, सीरिजमध्ये लावावा. दारे बंद करून, चावी काढून अर्धा तास थांबल्यावर आकडा 50 मिलिअँपियरच्या आत असावा. जास्त दिसला तर नव्या दिव्याचा फ्यूज काढून पुन्हा बघावे. आकडा उतरला तर चूक नव्या जोडणीतच आहे.